जुरेमाच्या टेबलावरचा निळा फासा

मित्रांनो, मी एक जुना फासा आहे. रंगाने निळा, आकाराने बोराएवढा, आणि बाजू म्हणाल तर वीस. तुमच्या ओळखीच्या फाशाला सहाच बाजू असतात. त्यामुळे मला पहिल्यांदा पाहणारा माणूस बोटांत धरून फिरवत राहतो आणि विचारतो, ‘‘ह्याचं करायचं तरी काय?’’ तीस वर्षे हा प्रश्न ऐकतो आहे. आज त्याचे सविस्तर उत्तर द्यावे म्हणतो.

माझा जन्म कुठल्याशा दूरच्या कारखान्यात झाला. गरम प्लास्टिक साच्यात ओतले, थंड झाले, आणि मी बाहेर पडलो. प्रत्येक बाजूवर एक आकडा कोरलेला होता, पण त्यात रंग भरायला कोणाला सवड झाली नव्हती. निळ्यावर निळे, कोणाला काय दिसणार? तसाच मी एका पाकिटात बसून ब्राझीलच्या दक्षिणेला, पेलोतास शहरात, जुरेमा बितेंकूर नावाच्या बाईंच्या हाती पडलो. त्यांनी पाकीट फाडले, मला उजेडात धरले, आणि ड्रॉवरमधून पांढरा मेणखडू काढून माझ्या एकेका आकड्यावर घासत बसल्या. वीस आकडे भरून झाल्यावर रुमालाने पुसत म्हणाल्या, ‘‘हां, आता कसा माणसात आलास!’’

जुरेमा वस्तीतल्या वाचनालयात काम करत. शनिवारी एक वाजता वाचनालय बंद होई, पण मागच्या खोलीची किल्ली त्यांच्याकडे असे. जेवून-खाऊन दोन वाजता तिथे तीन माणसे जमत. एक स्वतः जुरेमा. दुसऱ्या डोना नेउझा, इस्पितळातल्या परिचारिका, हातात कायम विणकाम. तिसरा वाल्देसीर, बेकरीत कणीक मळणारा, धिप्पाड आणि तोंडाळ. टेबलाच्या मधोमध ‘माते’ नावाच्या कडू पाल्याचे गरम पाणी भरलेले भोपळ्याचे भांडे असे. ते एकाकडून दुसऱ्याकडे फिरत राही. आणि मग खेळ सुरू होई.

हा खेळ म्हणजे सगळ्यांनी मिळून रचलेली गोष्ट. प्रत्येक जण गोष्टीतला एकेक माणूस होतो. वाल्देसीर झाला योद्धा, डोना नेउझा झाल्या कुलपे उघडणारी चोरटी. जुरेमा मात्र कोणी एक होत नसत. त्या बाकीचे सगळे जग होत: डोंगर, वादळ, पहारेकरी, राजा. खेळ चालवणाऱ्या माणसाला तिकडे ‘मेस्त्रे’ म्हणतात. समोरचा म्हणे, ‘‘मी ह्या भिंतीवर चढतो.’’ आता त्याला ते जमेल की नाही? इथे माझे काम येई. जुरेमा एक आकडा सांगत, समोरचा मला टेबलावर टाकी, आणि तेवढा किंवा त्याहून मोठा आकडा वर आला तर भिंत सर झाली.

मी येण्याआधी हे काम कॉफीच्या डब्यातल्या वीस चिठ्ठ्या करत. ‘‘त्या डब्यात एकोणीसची चिठ्ठी तळाला चिकटलेली असायची,’’ वाल्देसीर मला ओठांजवळ नेऊन म्हणाला, ‘‘तू तरी नीट वाग, बाबा.’’ आणि त्याने मला टाकले. मी गडगडत गेलो. खोलीत एकदम शांतता झाली. मित्रांनो, ती पहिली शांतता मी विसरू शकत नाही. माझ्यासारख्या बोराएवढ्या वस्तूसाठी तीन मोठी, कामाची माणसे श्वास रोखून धरतात! मी सतरावर थांबलो, आणि वाल्देसीरने अशी आरोळी ठोकली की खिडकीवरची कबुतरे उडाली.

पण सुरुवातीला जुरेमांना मला कुठे वापरावे आणि कुठे नाही, ते उमगले नव्हते. नियमांचे पुस्तक परक्या भाषेतले, तेही कोणाच्या तरी प्रतीची छायाप्रत. त्या शब्दकोश घेऊन पेन्सिलीने अर्थ लिहीत. त्यात लिहिले होते की फासा टाका, म्हणून त्या प्रत्येक गोष्टीला फासा टाकायला लावत. दार उघडायचे, टाका. घोड्यावर बसायचे, टाका. एका दुपारी मी साठ वेळा टाकला गेलो.

एकदा वाल्देसीरच्या योद्ध्याला खाणावळीचा जिना चढायचा होता. मी तीनवर थांबलो. योद्धा पडला. पुन्हा टाकला, पाच. योद्धा पुन्हा पडला.

‘‘मेस्त्रे,’’ वाल्देसीर कमरेवर हात ठेवून म्हणाला, ‘‘गेल्या शनिवारी मी एकट्यानं अजगर मारला. एकट्यानं! आणि आज मला जिना चढता येत नाही? गुडघे गेले का माझे?’’

‘‘तेल चोळ रे,’’ डोना नेउझा विणकामातून मान वर न करता म्हणाल्या. ‘‘ह्या वयात होतं असं.’’

सगळे हसले. जुरेमाही हसल्या, पण त्यांचे कान लाल झालेले मी पाहिले.

त्यानंतरच्या शनिवारी तर वाटच लागली. मठाच्या तळघरात एक कुलूपबंद दार होते आणि पुढची सगळी गोष्ट त्या दारापलीकडे होती. डोना नेउझांनी कुलूप उघडायला मला टाकले. सहा. नाही उघडले. पुन्हा टाकले. नऊ. नाही उघडले. वाल्देसीरने खांद्याने धक्का दिला. चार. तीन तास ते त्या दारासमोर उभे होते. शेवटी डोना नेउझांनी लोकर गुंडाळली.

‘‘जुरेमा, पोरी, राग मानू नकोस,’’ त्या म्हणाल्या. ‘‘बंद दारं मला इस्पितळात रोज दिसतात. इथं येऊन तेच बघायचं, तर मी घरी पडलेली काय वाईट?’’

ते गेल्यावर जुरेमा मला मुठीत घेऊन बराच वेळ बसून राहिल्या. मला फार अपराधी वाटले. सहा, नऊ, चार. माझेच तर आकडे होते. मोठे आकडे आपल्या हातात असते तर मी तेव्हाच दिले असते. पण फाशाच्या हातात काही नसते. त्याने फक्त खरे पडायचे असते.

आठवडाभर त्यांनी काय विचार केला ते मला माहीत नाही. पुढच्या शनिवारी त्यांनी पुस्तक बाजूला ठेवले आणि एका कागदावर दोन ओळी लिहून तो आपल्यासमोर चिकटवला. ‘जमलं तर काय होईल? नाही जमलं तर काय होईल?’

‘‘ह्या दोन्हींचं उत्तर माझ्याकडे असेल, तरच फासा टाकायचा,’’ त्या म्हणाल्या. ‘‘योद्ध्याला जिना चढायला फासा नको. तो चढला.’’

‘‘देव भलं करो तुमचं,’’ वाल्देसीर म्हणाला. ‘‘आणि दार?’’

‘‘दाराला टाका. बारा हवेत.’’

डोना नेउझांनी मला टाकले. मी पुन्हा चारवर थांबलो. मला वाटले, संपले.

‘‘कुलूप उघडलं,’’ जुरेमा म्हणाल्या.

‘‘चारवर?’’ डोना नेउझांच्या सुया थांबल्या.

‘‘उघडलं. पण हातातली सळई तुटली आणि तुकडा खणखणत पायऱ्यांवरून खाली गेला. आतून कोणीतरी विचारतंय, ‘कोण आहे तिकडं?’ पावलं जवळ येतायत.’’

रिकाम्या वाचनालयात, भर दुपारी, तो धिप्पाड वाल्देसीर कुजबुजत्या आवाजात म्हणाला, ‘‘दिवा विझवा! दिवा विझवा आधी!’’

मी थक्क झालो. माझा चार आकडा म्हणजे भिंत, असे मी समजत होतो. त्या बाईंनी त्याचाच रस्ता केला होता. दान वाईट पडले, हे त्यांनी लपवले नाही. पण गोष्ट थांबू दिली नाही.

त्या दिवसापासून मी दुपारभरात दहा-बारा वेळाच टाकला जाऊ लागलो. खरे सांगायचे तर आधी मला अपमान वाटला. साठ वेळा फिरणारा मी, आता टेबलावर बसून राहायचे? पण मग लक्षात आले की आता जेव्हा मला उचलतात, तेव्हा ते भोपळ्याचे भांडे ज्याच्या हाती असेल त्याच्याच हाती थांबते. कोणी पीत नाही.

आणखी एक गोष्ट त्यांनी कसोशीने पाळली. आकडा आधी सांगायचा, मोठ्याने, आणि दान पडल्यावर तो बदलायचा नाही. एकदा वाल्देसीरला नऊ हवे होते आणि मी आठवर थांबलो. त्याचा लाडका घोडा दरीत गेला. ‘‘अहो, एकानं काय होतं?’’ तो खरोखर रडकुंडीला आला होता. जुरेमांचे डोळेही ओले होते. ‘‘आता आठला हो म्हटलं,’’ त्या म्हणाल्या, ‘‘तर तुझं सतराचं दानसुद्धा मी उगाच दिलेलं होईल.’’ घोडा गेला तो गेलाच. त्यानंतरच्या दोन शनिवारी वाल्देसीर दंडाला काळी फीत बांधून आला.

अशात ग्लेसी आली.

ग्लेसी बावीस वर्षांची होती. मिठाईच्या एका कारखान्यात अंड्याचा बलक आणि खोबरे ह्यांच्या वड्या थापायचे काम करी. दर शनिवारी एक वाजायच्या आधी धापा टाकत येई, वाचलेली पुस्तके ठेवी, नवी उचली आणि एक शब्द न बोलता जाई. जुरेमांना ती मुकीच वाटली होती. एके शनिवारी तिला यायला दोन वाजून गेले. जुरेमांनी तिच्यासाठी दार उघडले, तेवढ्यात मागच्या खोलीतून वाल्देसीरची आरोळी आली, तेव्हा तिने बोट करून विचारले, काय आहे तिकडे?

‘‘ये, बघ,’’ जुरेमा म्हणाल्या.

ती आली, तीन शनिवार नुसती बघत बसली. चौथ्या शनिवारी जुरेमांनी तिच्यासमोर कोरा कागद ठेवला आणि विचारले, ‘‘तू कोण होणार?’’ सगळ्यांना वाटले, ही रानातला शिकारी होईल, कमी बोलणारा. ग्लेसीने लिहिले, ‘राजाची वकील. बोलण्यात सगळ्या राज्यात पहिली.’

वाल्देसीरला हसू आले आणि ते त्याने पावाच्या तुकड्याबरोबर गिळले.

खेळात ते शहराच्या वेशीपाशी आले. वेस बंद होती. पहारेकऱ्याला समजवायचे होते. सगळ्यांनी ग्लेसीकडे पाहिले. तिने तोंड उघडले. ‘‘म-म-मी त्याला... त-त...’’

‘‘त्याला चार नाणी देशील,’’ वाल्देसीर मदतीला धावला.

जुरेमांनी टेबलावर बोट आपटले. ‘‘वाल्देसीर. तिचं वाक्य तिचं आहे.’’

ग्लेसीची मान खाली गेली. तिला उठून जायचे होते हे मलासुद्धा कळले. जुरेमा तिच्याकडे वळल्या. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, मऊ वगैरे केलेला नव्हता. ‘‘हे बघ. त्याला काय म्हणायचं ते तू ठरव. किती सुरेख म्हटलंस ते फासा ठरवेल. वाल्देसीर तरी कुठं खरी तलवार उचलतो? मैद्याचं पोतं उचलताना कण्हतो तो.’’

‘‘पाठ भरलीय माझी!’’

‘‘तेच म्हणतेय. मग तिनं खरं भाषण का करायचं?’’

भांडे थांबले होते. मग ग्लेसी म्हणाली, ‘‘मी त्याला व-विचारीन... ज-जेवलास का?’’

जुरेमांनी तोंडाशी आलेला आकडा मागे घेतला. मग म्हणाल्या, ‘‘मी पंधरा सांगणार होते. पण ह्या थंडीत वेशीवर उभ्या माणसाला आजवर हे कोणी विचारलं नसेल. दहा पुरेत.’’

ग्लेसीने मला उचलले. तिच्या बोटांना साखरेचा वास होता. मी गडगडलो आणि तेरावर थांबलो. पहारेकरी झालेल्या जुरेमांनी भाला खाली ठेवला आणि घोगऱ्या आवाजात म्हटले, ‘‘नाही जेवलो, बाई. सकाळपासून नाही. या आत.’’

मित्रांनो, प्लास्टिकच्या एका तुकड्याला गर्व होऊ शकतो का? मला झाला. एका मुलीच्या घशात अडलेले शब्द त्या दिवशी माझ्या तेरा आकड्यावर बसून वेशीपार गेले होते.

दोन वर्षे ग्लेसी येत राहिली. अडखळणे गेले नाही, पण शनिवारी ती भरपूर बोले आणि भरपूर अडखळे, आणि त्यात मोठी प्रगती होती. मग एका हिवाळ्यात ती दोन शनिवार आली नाही. तिसऱ्या शनिवारी आली ती एक कागद घेऊन. तो तिने टेबलावर माझ्याशेजारी ठेवला. कोर्टाचे बोलावणे होते.

कारखान्यात पाकाची मोठी कढई उलटली होती. ग्लेसीची मैत्रीण ओंदिना हिचा उजवा हात कोपरापर्यंत भाजला होता. मुकादमाने सांगितले की ओंदिना गप्पांच्या नादात होती, चूक तिचीच. तिला कामावरून काढले. ओंदिना कामगार कोर्टात गेली, आणि साक्षीदार म्हणून तिने एकच नाव दिले, ग्लेसीचे.

‘‘तू पाहिलंस का, कशी उलटली?’’ डोना नेउझांनी विचारले.

ग्लेसीने होकारार्थी मान हलवली. मग फार वेळ घेऊन, एकेक शब्द ओढून काढत तिने जे सांगितले ते असे. कढईचा एक कान ढिला झाला होता. तिनेच तो आधी पाहिला होता. ती मुकादमाला सांगायला गेली, दोनदा गेली. दोन्ही वेळा तिचे वाक्य पुरे व्हायच्या आत तो ‘‘बरं, बरं, नंतर’’ म्हणून निघून गेला.

‘‘मी प-पटकन बोलले असते,’’ ती म्हणाली, ‘‘तर तिचा हात...’’

डोना नेउझांनी विणकाम खाली ठेवले. तसे करताना मी त्यांना क्वचितच पाहिले होते.

‘‘मला जमणार नाही,’’ ग्लेसी म्हणाली आणि मला मुठीत घट्ट धरले. ‘‘एकदाच ट-टाकते. वीस पडले तर जाते.’’

‘‘नाही,’’ जुरेमा म्हणाल्या. ‘‘तसं नाही. बस. वाल्देसीर, तू कारखान्याचा वकील. डोना नेउझा, तुम्ही न्यायाधीश. ग्लेसी, तू ग्लेसीच. आपण हे खेळून बघू.’’

वाल्देसीरने डोना नेउझांची शाल काळ्या झग्यासारखी खांद्यावर घेतली. कोणी हसले नाही.

‘‘पहिलं वाक्य बोलायचंय. बारा हवेत,’’ जुरेमा म्हणाल्या. ग्लेसीने मला टाकले. मित्रांनो, त्या दिवशी मी मोठा आकडा जीव तोडून मागितला असता, पण मागायचे कोणाकडे? मी दोनवर थांबलो.

ग्लेसीने डोळे मिटून घेतले.

‘‘शब्द अडकला,’’ जुरेमा म्हणाल्या. ‘‘सगळे तुझ्याकडे बघतायत. वकील तुझं वाक्य स्वतःच पुरं करतोय. वाल्देसीर?’’

‘‘म्हणजे,’’ वाल्देसीर खाकरला, ‘‘म्हणजे तुम्हाला असं म्हणायचंय की ओंदिनाबाई बेसावध होत्या.’’ हे म्हणताना त्याचा चेहरा कसनुसा झाला.

‘‘आता काय करतेस?’’

ग्लेसीने डोळे उघडले. मग तिने हात वर केला, रस्त्यात मोटार थांबवावी तसा.

‘‘छान. वकील थांबला. पुन्हा टाक.’’

चार. ‘‘आवाजच फुटत नाही. काय करतेस?’’ ग्लेसीने समोरच्या कागदावर ‘कढई’ लिहिले आणि तो डोना नेउझांपुढे सरकवला, आणि लिहिलेला शब्द वाचता वाचता तिला पुढचा शब्द सापडला. पुन्हा टाकले. तीन. वाल्देसीर हळूच म्हणाला, ‘‘मेस्त्रे, दुसरा फासा नाही का हो?’’ जुरेमांनी ऐकले नाही. ‘‘घड्याळाकडे बघतायत सगळे. काय करतेस?’’

‘‘थ-थांबते,’’ ग्लेसी म्हणाली. ‘‘श्वास घेते. आणि स-सुरुवातीपासून सांगते.’’

आणि तिने सांगितले. कढई, कान, दोनदा गेले ते, सगळे, शेवटापर्यंत. संपल्यावर तिलाच कळेना की संपले.

‘‘दोन, चार आणि तीन,’’ जुरेमा म्हणाल्या. ‘‘ह्याहून वाईट दानं मी ह्या टेबलावर पाहिली नाहीत. आणि तू शेवटपर्यंत पोचलीस.’’

मी टेबलावर पडून होतो. त्या बाईंच्या कामाचा खरा पल्ला मला तेव्हा दिसला. आकडा सांगणे, दान बघणे हे कोणालाही येते. पडलेल्या दानानंतर माणसाला उभे राहायला जागा ठेवणे, हे त्यांनी ह्या टेबलावर वर्षानुवर्षे घोटले होते.

बुधवारी सकाळी ग्लेसी मला मुठीत घेऊन कोर्टात गेली. जुरेमांनी रजा काढली होती. मुठीत अंधार होता आणि घाम होता, म्हणून मी फक्त ऐकले.

तिथे काहीच आम्ही खेळलो तसे झाले नाही. वकील सभ्य होता, मध्ये बोलला नाही. ग्लेसीचा पहिला शब्द अडला, दुसरा अडला, आणि न्यायाधीशबाई अगदी मायेने म्हणाल्या, ‘‘मुली, तुला त्रास होतोय. लेखी दिलंस तरी चालेल. आम्ही वाचून घेऊ.’’

मूठ सैल झाली. मला वाटले, झाले, सुटली बिचारी. मग मूठ पुन्हा आवळली गेली.

‘‘नको,’’ ग्लेसी म्हणाली. ‘‘ह-ह्यांनी दोनदा अर्धंच ऐकलंय. आज प-पुरं ऐकावं.’’

मुकादम तिथेच बसला होता. त्याला उठून जाता येत नव्हते. एक वाक्य सांगायला ग्लेसीला किती वेळ लागला, ते मी मोजू शकलो नाही. कोणी खोकले नाही, कोणी कागद हलवला नाही. ‘‘मी त-तुम्हाला दोनदा सांगायला आले होते की क-क-कढईचा कान ढिला आहे.’’ एवढेच वाक्य. ते पुरे झाल्यावर खोलीत जी शांतता झाली, तशी माझ्यासाठी कधीच झाली नव्हती. आणि मला कोणी टाकलेसुद्धा नव्हते.

मग खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मुकादम म्हणाला, ‘‘आली होती ही. खरंय. दोनदा आली होती. मीच थांबलो नाही.’’

निकाल ओंदिनाच्या बाजूने लागला. चूक तिची नव्हती असे कागदावर लिहिले गेले. हात बरा व्हायला वर्ष लागले, पण तिला काम परत मिळाले, आणि कढया नव्या आल्या. निकालानंतरच्या शनिवारी वाल्देसीरने गोड पावाची एवढी मोठी वेणी भाजून आणली की ती ठेवायला टेबलावरचे नकाशे उचलावे लागले. ‘‘मी वकील म्हणून किती वाईट होतो?’’ तो विचारत होता. ‘‘फ-फार,’’ ग्लेसी म्हणाली. ‘‘खरा तुझ्यापेक्षा ब-बरा होता.’’

पुढे टेबल पांगले. वाल्देसीरने डोंगराकडच्या एका गावात स्वतःची बेकरी काढली. डोना नेउझा निवृत्त होऊन मुलीकडे राहायला गेल्या. जुरेमांची बदली झाली, तेव्हा जाताना त्यांनी मला ग्लेसीच्या हाती दिले. ग्लेसीच्या ड्रॉवरमध्ये बटणे, जुन्या पावत्या आणि संपलेले सेल ह्यांच्यात मी चौदा वर्षे पडून होतो. रागवायचे कोणावर? ती कामात होती, लग्न झाले, आईचे आजारपण निघाले. ड्रॉवर उघडे तेव्हा कधी कधी तिचे बोट मला लागे आणि क्षणभर थांबे. तेवढ्यावर मी दिवस काढले.

मग एका रविवारी दुपारी ड्रॉवर उघडला तो माझ्यासाठीच. ग्लेसीच्या स्वयंपाकघरात ओंदिनाची दोन मुले, मरीझा आणि तिचा धाकटा भाऊ काउए, टेबलाशी बसली होती. आणि मेस्त्रे होती ग्लेसी. अडखळत अडखळत तिने डोंगर उभा केला, वादळ आणले, आणि ती दोन मुले तोंड उघडे टाकून ऐकत राहिली. मी पुन्हा फिरू लागलो. दोन वर्षे फिरलो.

एके दिवशी मरीझा म्हणाली, ‘‘मावशी, ह्या फाशाला सात फार आवडतो.’’

‘‘म-म्हणजे?’’

‘‘मी आठवडाभर लिहून ठेवलंय. बघ ना.’’

ग्लेसीने वही पाहिली. मग काचेच्या पेल्यात गरम पाणी घेतले, त्यात मीठ विरघळेल तेवढे विरघळवले आणि मला त्यात सोडले. खारट पाण्यावर मी तरंगलो. तिने बोटाने मला गरगर फिरवले. मी थांबलो तेव्हा वर सात होता. पुन्हा फिरवले. सात. दहा वेळा फिरवले, आणि आठ वेळा सात. इतकी वर्षे आपटून माझ्या कडा एका बाजूने झिजल्या होत्या. मी आता खरा पडत नव्हतो.

‘‘आपल्या तिघांनाच तर माहीत आहे,’’ काउए म्हणाला. ‘‘चालू दे की.’’

‘‘नाही रे,’’ ग्लेसी म्हणाली. तिने मला पुसले, बराच वेळ पुसले. ‘‘ह्याच्यावर भ-भरवसा ठेवून माणसं उडी मारतात.’’ आणि तिने मला टेबलालगतच्या खिडकीत ठेवले. टेबलावर एक नवा लाल फासा आला.

मित्रांनो, मला वाटले होते की आता दुःख सुरू होईल. पण त्याच दुपारी एक गोष्ट घडली. खेळात काउएचा माणूस पुरात वाहून चालला होता आणि मरीझाला त्याचा हात पकडायचा होता. ‘‘चौदा हवेत,’’ ग्लेसी म्हणाली. मरीझाने लाल फासा टाकला. तो गडगडू लागला.

आणि मी पहिल्यांदा त्यांचे चेहरे पाहिले. आजवर त्या क्षणी मी स्वतःच गरगर फिरत असायचो. जग म्हणजे छत, टेबल, छत, टेबल. त्या क्षणी माणसांचे काय होते ते मला कधी दिसलेच नव्हते. काउएचे ओठ आवाज न करता हलत होते. मरीझाचा हात फासा सोडल्यावरही तसाच पुढे होता, बोटे पसरलेली, पाण्यात खरोखर कोणाला तरी शोधणारी. त्या दोघा भावंडांचे सकाळीच कडाक्याचे भांडण झाले होते. आणि ग्लेसी फाशाकडे पाहतच नव्हती. ती मरीझाकडे पाहत होती.

मित्रांनो, माझे एवढेच मागणे आहे. आम्हा फाशांना जपा, उन्हात टाकू नका, झिजलो की खाली ठेवा. पण तुमच्या टेबलावर कोणी दान टाकेल, तेव्हा आमच्याकडे बघत बसू नका. आम्ही काही पळून जात नाही, आकडा थांबल्यावरही दिसतोच. तेवढा वेळ, ज्याने फासा टाकला त्याच्या चेहऱ्याकडे पाहा.